हृदयासाठी चांगलं मीठ

माझ्या बाबांना उंचीची भीती कधी वाटली नाही. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. केबिनच्या छतावर उभं राहायचं, वर अंधार, खाली अंधार, बाजूनं दोर सरकतायत आणि हातात ग्रीसचा डबा. तिथे ते शीळ घालत काम करायचे म्हणे. पण त्याच माणसाला घरी साधी छातीत कळ आली, तर चेहरा कागदासारखा पांढरा व्हायचा.

त्यांची भीती एकच होती, हृदयाची. आणि ती उगीच नव्हती. त्यांचे वडील कामावर निघताना बुटाची नाडी बांधायला वाकले, ते परत उठलेच नाहीत. थोरले काका न्हाव्याच्या खुर्चीत गेले. न्हाव्याला वाटलं, गिऱ्हाइकाला डुलकी लागली. अर्धी दाढी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

त्यानंतर बाबा ऊठसूट स्वतःचं मनगट धरून बसायला लागले. बोलता बोलता अंगठा नाडीवर जायचा. कामावर सगळे त्यांना 'नाडीबुवा' म्हणायचे. त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणत, तो तर रोज सकाळी विचारायचा, "काय बुवा, चालू आहे का?"

"आहे बाबा, अजून आहे," असं बाबा गंभीरपणे सांगायचे.

आम्ही हसायचो. पण मला त्यांचा स्वभाव पुरता मिळाला होता. मी त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न केलं नाही, त्यांच्याजवळच राहिले. ते झोपेत जरा जास्त वेळ शांत वाटले, तर मी दारात उभी राहून त्यांची छाती हलते का ते बघायची. आई म्हणायची, "एकाला झाकावं नि दुसरीला काढावं, अशी तुमची जोडी आहे."

दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि सांगितलं, "मीठ कमी करा." झालं. घरात अळणी स्वयंपाक सुरू झाला. बाबा ताटावर शिक्षा झाल्यासारखे बसायचे. दोन घास खायचे, पाण्याचा घोट घ्यायचे, पुन्हा दोन घास. तक्रार करायचे नाहीत. पण त्यांचं वजन उतरायला लागलं आणि मला ते बघवेना.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. शेजारी किराणा सामानाचं मोठं दुकान आहे. तिथे एक दिवस मला ती पिशवी दिसली. पांढरी पिशवी, वर लाल हृदयाचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'हृदयासाठी चांगलं मीठ'. मला हायसं वाटलं. दोन पिशव्या घेऊन घरी आले.

बाबांनी पहिल्या दिवशी ताट चाटूनपुसून साफ केलं. "पोरी, तू माझा जीव वाचवलास," म्हणाले.

आईनं एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. "कडवट लागतंय गं."

"चव कमी लागते थोडी. पण हृदयासाठीच आहे ना? मग जरा जास्त घालायला काय हरकत आहे?" असं म्हणून बाबांनी वरून आणखी भुरभुरवलं. पुढे तर ते डबीत घालून कामावरही न्यायला लागले. चिरलेल्या फळावर, उकडलेल्या भाजीवर, ताकात, सगळीकडे तेच. पिशवी संपली की मीच नवीन आणायची.

अडीच-तीन महिने असे गेले. मधेच ते म्हणायला लागले की पाय जड वाटतात. जिना चढताना मधे थांबायचे. आई म्हणाली, वय झालं. त्यांचे गुडघे तर जुनेच दुखणेकरी होते. हाताला मुंग्या येतात, असंही एकदा म्हणाले. मी ते ऐकून सोडून दिलं. एरवी त्यांच्या एका जांभईनं घाबरणारी मी, पण पाय म्हणजे काही हृदय नव्हे, असा माझा हिशोब. आम्ही दोघं सगळा वेळ छातीकडे डोळे लावून बसलो होतो.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ते एका नऊ मजली ऑफिसच्या इमारतीत काम करत होते. लंबू वर मशीनच्या खोलीत होता. बाबा पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे, केबिनच्या छतावर उभे राहून भिंतीवरच्या लोखंडी रुळांना ग्रीस लावत होते. पुढचं मला लंबूकाकांनी नंतर सांगितलं आणि थोडं बाबांनी.

बाबांना वाटलं, आपले गुडघे कुणीतरी मागून दाबतंय. ते खाली बसले. उठायला गेले तर पाय उठेनात. हातानं आधार घ्यायला गेले तर हातही भिजलेल्या फडक्यासारखा लोंबकळला. छतावर चढल्यावर आधी लाल बटण दाबून लिफ्ट बंद करायची, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. ते बटण दाबलेलं होतं म्हणूनच केबिन जागेवर राहिली. पण दोन्ही बाजूंना दोन हात रिकामी जागा होती आणि खाली पाच मजल्यांचा खड्डा. आणि ते एका कुशीवर कलत चालले होते.

त्यांनी हाक मारली. ती त्यांच्याच कानांना जेमतेम ऐकू आली.

"काय वाटलं तेव्हा?" मी त्यांना पुढे विचारलं होतं.

"काही नाही. नाडी बघायची होती. पण हात मनगटापर्यंत पोचेना."

वरून लंबूकाकांनी दोनदा विचारलं, "बुवा, सोडू का लिफ्ट?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दोर जातात त्या भोकातून वाकून बघितलं तर बॅटरीच्या उजेडात बाबांचं डोकं छताच्या कडेच्या बाहेर आलेलं. सहा फूट उंचीचा हा माणूस तीन मजले जिन्यानं धावत उतरला, चावीनं सहाव्या मजल्याचं दार उघडलं, छतावर उतरला, बाबांना स्वतःच्या पट्ट्यानं मधल्या लोखंडी दांड्याला बांधलं, आणि मग हळूहळू, बोट बोट करत लिफ्ट मजल्याला आणली. ऑफिसातल्या चार माणसांनी त्यांना बाहेर ओढलं.

"पाय चालत नाहीत," एवढंच बाबा बोलत होते. पण बघणारे सगळे म्हणाले, हार्ट अटॅक.

मला फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होते. लंबूकाका एरवी फोनवर ओरडतात. त्या दिवशी हळू बोलले. चष्मा बाईंच्या नाकावर तसाच वाकडा ठेवून मी निघाले.

दवाखाना लहानच होता. तळमजल्यावर तातडीच्या रुग्णांची खोली, चार खाटा, मधे हिरवे पडदे. बाबा तिसऱ्या पडद्याआड होते. त्यांच्या छातीला वायरी चिकटवलेल्या, तोंडाला ऑक्सिजन. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जसं लहान मूल इंजेक्शनच्या खोलीतून बाहेर उभ्या आईकडे बघतं.

"आलं गं," ते मास्कमधून म्हणाले. "तेच आलं."

ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातात कार्डिओग्रामची लांब पट्टी होती. पस्तिशीचे असतील. कपाळावर घाम होता. मला बाजूला घेऊन त्यांनी पट्टी दाखवली. मला त्यातलं काय कळणार? पण शाळेत असल्यापासून हृदयाच्या आलेखाची बारीक टोकं मी चित्रांत बघितली होती. ही तशी नव्हती. ही रुंद होती, फुगलेली, एकमेकांत मिसळलेली, मधेच तंबूसारखी उंच उठलेली.

"मोठा अटॅक दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "ठोकेही कमी पडतायत. अठ्ठेचाळीस. गाठ विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल. पण एक सांगतो, त्यानं कधी कधी मेंदूत रक्तस्राव होतो. तुमची सही लागेल. घरात आधी कुणाला हृदयाचा त्रास?"

"आजोबा गेले. काका गेले."

त्यांनी मान हलवली. त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं. माझंही मला मिळालं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते दारात येऊन उभं राहिलं होतं, मग त्याला ओळखायला कशाला वेळ लागतोय?

सिस्टरनं फॉर्म आणि पेन दिलं. डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले. आई अजून पोचायची होती. लंबूकाका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, त्यांचे दोन्ही हात ग्रीसनं काळे होते आणि ते कुठे पुसावेत हे त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पायात कापडी चपला. त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, पुन्हा खाली घेतली. मग कुणाशी न बोलता बाबांच्या खाटेशी गेल्या.

"काका, छातीत दुखलं?"

"नाही."

"दुखतंय आत्ता?"

"नाही... पाय."

"पाय काय?"

"उचलत नाहीत."

"उचला बघू." बाबांनी प्रयत्न केला. अंगठा हलला, बस. बाईंनी त्यांच्या हातात आपली दोन बोटं दिली. "दाबा. जोरात दाबा." चौतीस वर्षं पाना फिरवणारा तो हात होता. त्यांनी दाबलं की नाही हेही कळलं नाही.

बाई वळल्या. "ती सुई खाली ठेवा," त्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना म्हणाल्या. "कॅल्शियम आणा. आत्ता. आणि रक्त तपासायला पाठवा, क्षार सगळ्यात आधी. मशीन चालू राहू द्या."

"मॅडम, पण इथे तर..."

"दिसतंय मला. पण ह्या माणसाच्या पायात काय झालंय ते सांगा ना."

मला काहीच समजत नव्हतं. एक डॉक्टर म्हणतात अटॅक, दुसऱ्या म्हणतात थांबा. दोघांतलं कोण चुकलं तरी जाणारा माझाच बाप होता. मी फॉर्म छातीशी धरून उभी राहिले.

कॅल्शियम येईपर्यंत मिनिट गेलं असेल नसेल. मशीनवरचा आकडा अठ्ठेचाळीसवरून चाळीसवर आला. मग चौतीस. मग पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि तशीच राहिली. किती वेळ? सिस्टर म्हणतात, तीन सेकंद. माझ्या आयुष्यात तेवढी लांब कोणतीच गोष्ट नाही. बाबांचे डोळे वर गेले. मग एक रुंद, आळशी ठोका पडला. मग दुसरा.

बाईंनी स्वतः सुई घेतली आणि बाबांच्या दंडातल्या नळीत हळूहळू औषध सोडायला लागल्या. घाई नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी पट्टी धरली होती, मशीनमधून ती सरकत बाहेर येत होती. "इकडे या," त्या मला म्हणाल्या. मी गेले. "बघा."

ती फुगलेली टेकाडं बारीक व्हायला लागली होती. मी खोटं सांगत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. एकमेकांत मिसळलेल्या रेघा सुट्या झाल्या. आकडा चढला. बावन्न, साठ, अडुसष्ट. चारेक मिनिटांत ती पट्टी शाळेच्या पुस्तकातल्या चित्राच्या जवळपास आली. तंबू अजून उंच होते, पण आता ते वेगवेगळे उभे होते.

"रक्तवाहिनी बंद असती तर कॅल्शियमनं असं सुधारलं नसतं," बाई म्हणाल्या. "हृदयाला रक्त मिळतंय. त्या रक्तातच काहीतरी वाढलंय. बहुतेक पोटॅशियम. ते फार वाढलं की स्नायू थंडावतात. पाय काय, हृदय काय, तोही स्नायूच. आलेख असा वाकडा होतो की भलेभले फसतात. मेंदूत रक्तस्राव झाला तरी होतो, अंग बर्फासारखं गार पडलं तरी होतो. हृदय अडचणीत आहे एवढं कागद सांगतो. कुणामुळे, ते माणसाला विचारावं लागतं." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "आता तुम्ही सांगा. हे आलं कुठून? औषधं कोणती घेतात?"

"ब्लडप्रेशरची एक गोळी."

"आणखी? एखादं चूर्ण, टॉनिक, काढा?"

"नाही. काहीच नाही."

"नवीन काही खाण्यात?"

"नाही," मी म्हणाले. आणि मनापासून म्हणाले, कारण मीठ म्हणजे कुणी औषध धरतं का? वर मीच तर ते मोठ्या काळजीनं आणलं होतं. मी त्यांच्या खाण्याचं पथ्य सांगायला लागले, माझ्या आवाजात जरा अभिमानच असावा. "आम्ही फार जपतो हो. साधं मीठसुद्धा बंद केलंय. ते हृदयाचं वेगळं मीठ मिळतं ना, तेच..."

बाईंचा हात थांबला. "किती घालतात?"

लंबूकाका जमिनीवरून उठले. त्यांनी बाबांच्या कामाच्या पिशवीतून मिठाची डबी काढली आणि पुढे केली. "रोज एवढी," ते म्हणाले. "दुपारपर्यंत अर्धी करतात."

मिठाच्या पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. ते मी त्या संध्याकाळी वाचलं. साध्या मिठाचा बराच भाग काढून त्यात पोटॅशियमचं मीठ घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असंही लिहिलं होतं. बाबांची गोळी त्यांतलीच होती, शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ न देणारी. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं.

रक्ताचा अहवाल आला. पाचच्या आत असायला हवं, ते बाबांचं आठच्या वर होतं. तासाभरात त्यांना रक्त गाळायच्या मशीनला जोडलं. तोपर्यंत आई आली. तिनं मला विचारलं, "काय झालं गं?" आणि मला तिच्याकडे बघता येईना. मी म्हणाले, "मी केलं." तिला वाटलं, भीतीनं पोरीचं डोकं फिरलं.

चार तास ते मशीन घरघरत होतं. मी दाराच्या काचेतून बघत होते. घाबरायची मला सवय होती, पण तोवर मी नशिबाला घाबरायची, रक्तातून आलेल्या रोगाला घाबरायची. आता मला माझ्याच हातांची भीती वाटत होती. काय काय केलंय ह्या हातांनी, जे मला अजून माहीत नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी दोन्ही पाय उचलून दाखवले. मग मी खुर्ची ओढली आणि त्यांना सगळं सांगितलं. पिशवी, बारीक अक्षरं, सगळं. ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाहीत.

"एक मीही सांगतो," ते शेवटी म्हणाले. "आईला सांगू नकोस. गुडघ्याच्या गोळ्या खात होतो. दिवसाला तीन-तीन. औषधवाल्याकडून परस्पर आणायचो."

"बाबा!"

"डॉक्टरीणबाईंनी सकाळी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कबूल केलं. त्या गोळ्यांनी किडन्या बसल्या होत्या. म्हणून ते तुझं मीठ आत साचलं. नाहीतर एवढं झालं नसतं म्हणाल्या." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तर तू एकटी नाहीस. जन्मभर खाल्ल्या मिठाला जागलो, आणि बघ, मिठानंच घात केला."

त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. मग आम्ही दोघं रडलो. आई चहा घेऊन आली तेव्हा तिनं विचारलं, "आता काय झालं?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "काही नाही." गोळ्यांचं तिला चार दिवसांनी कळलंच, आणि मग बाबांची जी हजेरी तिनं घेतली, ती शेजारच्या खाटेवरच्या माणसानंही उठून बसून ऐकली.

तिसऱ्या दिवशी ड्यूटीवरचे ते डॉक्टर वॉर्डात आले. ड्यूटी संपली होती, अंगात साधा शर्ट होता. ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि हातातल्या किल्ल्यांशी चाळा करत राहिले.

"काका, मी इंजेक्शन भरलं होतं," ते म्हणाले. "ताईंची सही झाली असती तर मी दिलं असतं. तुम्हाला कळावं म्हणून आलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांचे डोळे बघितले आणि राग आला नाही. तीन रात्री न झोपलेल्या माणसाचे डोळे मी त्या आठवड्यात आरशात रोज बघत होते.

बाबा उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एका इमारतीत लिफ्ट सारखी मधेच थांबायची. मी म्हटलं, मोटर गेली. अगदी खात्रीनं सांगितलं. मोटर काढली, खोलली, पुन्हा बसवली. तीन दिवस. शेवटी कळलं, तिसऱ्या मजल्याचं दार पुरतं लागत नव्हतं. फटीत एक बटण अडकलं होतं. शर्टाचं." ते थांबले. "माझ्या चुकीनं लोकांना जिने चढावे लागले, एवढंच. तुमचं काम अवघड आहे."

डॉक्टरांनी किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाले, "मी आता आधी पाय उचलायला सांगतो. प्रत्येकाला."

"सांगा," बाबा म्हणाले.

ह्या गोष्टीला आता चौदा महिने झाले. बाबांच्या किडन्या थोड्या सावरल्या, पूर्ण नाहीत. गोळी बदलली. गुडघे दुखतात, तर ते गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात आणि कण्हतात. कंपनीनं त्यांना वर चढायची बंदी केली आहे. ते तक्रारी घ्यायच्या फोनवर बसतात. लिफ्टमधे अडकलेली माणसं फोनवर किंचाळतात, आणि बाबा त्यांच्याशी माणूस पोचेपर्यंत बोलत राहतात. नाव विचारतात, घरी कोण कोण आहे विचारतात. लंबूकाका सांगतात, ह्या कामात नाडीबुवांचा हात धरणारं कुणी नाही, कारण घाबरलेल्या माणसाला काय ऐकायचं असतं ते त्यांना पाठ आहे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्यांच्या रक्ताचा अहवाल आणायला जाते. खिडकीशी रांग असते. माझी पाळी येईपर्यंत मी पुढची माणसं मोजत राहते, अजूनही. पाकीट मी तिथेच, बाजूला होऊन उघडते. ह्या सोमवारी आकडा चार पूर्णांक सहा होता. मी तो तीनदा वाचला, मग खालची बारीक अक्षरंही वाचली, आणि आईला फोन लावला.